घड्याळाचा पट्टा

इतिहासकारांची दृष्टि सहसा मोठ्या वस्तूंकडे जाते. घड्याळाचा इतिहास म्हटला, कीं मनोऱ्यावरचीं घंटेचीं घड्याळें, लंबकाचा शोध, समुद्रावर रेखांश काढण्यासाठीं जॉन हॅरिसननें जन्मभर केलेली खटपट, हे विषय ओळीनें येतात; आणि ते यावे हेंही योग्यच आहे. परंतु ज्या घड्याळाशीं आपला रोजचा संबंध तें मनगटावरचें. आणि तें ज्याच्या आधारानें मनगटावर राहतें त्या पट्ट्याकडे कोणाचें फारसें लक्ष जात नाहीं. पट्टा ही अल्पमोली वस्तु. दोन वर्षें वापरावी आणि फेकून द्यावी. तिला कसला आला आहे इतिहास, असें वाचकांस वाटणें स्वाभाविक आहे. आमचें म्हणणें याच्या उलट आहे. खिशांतलें घड्याळ आणि मनगटावरचें घड्याळ यांच्या यंत्रांत आरंभीं तरी तत्त्वतः कांहींच भेद नव्हता. एकाला साखळी होती, दुसऱ्याला पट्टा मिळाला, इतकेंच. म्हणजे मनगटी घड्याळ ही वस्तु जगांत आली ती पट्ट्यामुळें आली, आणि तिचा इतिहास हा बऱ्याच अंशीं पट्ट्याचाच इतिहास आहे.

हा विषय आज काढण्याचें कारण केवळ कुतूहल नव्हे. आपल्याकडील पुष्कळ पांढरपेशा घरांतून एखादें जुनें घड्याळ असतें. कोणाच्या आजोबांना नोकरींतून निवृत्त होतांना मिळालेलें, कोणाच्या वडिलांना लग्नांत सासऱ्यांनीं दिलेलें, कोणाच्या चुलत्यांनीं पलटणींतून येतांना आणलेलें. तें कपाटाच्या खणांत फडक्यांत गुंडाळून ठेवलेलें असतें. किल्ली दिली तर चालतेंही. पण पट्टा कुजून तुटलेला. घरांतील तरुण मंडळींना तें हातांत घालावेंसें वाटतें, आणि तें बाजारांत जातें. दुकानांत तयार असलेला पट्टा त्यास बसत नाहीं. मग पट्टा दुसरा शोधावयाचा तो न शोधतां घड्याळच बदलण्यांत येतें. जुनी तार कापून टाकतात, कोठें नवें भोंक पाडतात, कोठें डाख देऊन नवीन दांडी बसवितात. शंभर वर्षें जें टिकलें तें दहा मिनिटांत जातें, आणि गेलें हें कोणाच्या लक्षांतही येत नाहीं. पट्ट्याची निवड ही निव्वळ आवडीनिवडीची गोष्ट नसून तिला थोड्याशा इतिहासज्ञानाची गरज आहे, हें दाखवावें एवढाच या लेखाचा हेतु आहे.

मनगटावर घड्याळ बांधण्याची कल्पना मूळ स्त्रियांच्या अलंकारांतून निघाली. पॅरिस येथील प्रसिद्ध घड्याळजी आब्राम-लुई ब्रेगे याच्या पेढीच्या वहींत अशी नोंद आहे कीं, नेपोलियनची बहीण व नेपल्सची राणी कॅरोलिन म्यूरा हिनें इ. स. १८१० मध्यें बांगडीसारखें हातांत घालावयाचें एक घड्याळ मागविलें व तें १८१२ मध्यें पुरें झालें. त्याचा पट्टा केसांच्या वेणींत सोन्याची तार गुंफून केलेला होता. तें घड्याळ पुढें कोठें गेलें याचा पत्ता नाहीं. राहिली ती वहींतली नोंद. गंमत अशी कीं, त्या नोंदींत पट्ट्याचें वर्णन आहे. घड्याळ करणाऱ्यालाच पट्टा हा घड्याळाचा भाग वाटत होता, त्यावर मागाहून लावलेलें लटांबर वाटत नव्हता. यानंतरचीं पाऊणशें वर्षें मनगटी घड्याळ हा बायकांचाच दागिना राहिला. पुरुषानें घड्याळ ठेवावयाचें तें बंडीच्या खिशांत, आणि दाखवावयाची ती साखळी. मनगटावर घड्याळ बांधणारा पुरुष म्हणजे नाजूक प्रकृतीचा शौकीन, अशी समजूत युरोपांत विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत होती.

ही समजूत मोडली ती लढाईनें. घोड्यावर बसलेल्या अंमलदाराच्या एका हातांत लगाम, दुसऱ्या हातांत तलवार किंवा दुर्बीण. त्यानें कोटाचीं बटणें सोडून खिशांतलें घड्याळ काढावें कसें? यावर एक साधी युक्ति निघाली. चामड्याच्या रुंद पट्ट्यावर मध्यभागीं चामड्याचीच एक वाटी शिवीत आणि लहानसें खिशांतलें घड्याळ तींत बसवीत. दक्षिण आफ्रिकेंतील बोअर युद्धांत, म्हणजे १८९९ ते १९०२ या काळांत, इंग्रज अंमलदारांच्या मनगटावर असे वाटीचे पट्टे दिसूं लागले. येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. या युक्तींत घड्याळाला हात लावलेला नाहीं. तें जसें होतें तसेंच राहिलें. त्याला मनगटावर आणण्याचें सारें काम एकट्या पट्ट्यानें केलें. युद्ध संपलें कीं घड्याळ वाटींतून काढावें आणि पुन्हां खिशांत घालावें.

पुढची पायरी घड्याळाच्या डबीवर घडली. दिमिए बंधू या स्विस पेढीनें १९०३ सालीं एक नमुना नोंदविला. त्यांत डबीच्या वरच्या व खालच्या अंगास तारेची एकेक कडी डाख देऊन पक्की बसविली होती, आणि त्या कड्यांतून पट्टा ओंवलेला होता. डबीवरच्या ज्या भागांत पट्टा अडकतो त्याला आपण पुढें सोयीसाठीं घड्याळाचे ‘कान’ म्हणूं. हे तारेचे कान म्हणजे मनगटी घड्याळाचें पहिलें खरें लक्षण होय. तारेच्या कानांचें घड्याळ पुन्हां खिशांत घालण्याच्या उपयोगाचें राहिलें नाहीं. तें मनगटाचें झालें. १९०४ मध्यें पॅरिस येथें लुई कार्तिए यानें आपला मित्र, ब्राझील देशाचा वैमानिक आल्बेर्तो सांतोस-द्युमाँ, याच्यासाठीं चौकोनी डबीचें एक घड्याळ केलें. विमानाच्या दांड्यांवरचे हात न काढतां त्याला वेळ पाहतां यावी असा हेतु होता. त्यांत तार नव्हती. कान डबीशींच एकजीव केलेले होते. १९११ पासून तीं घड्याळें गिऱ्हाइकांना मिळूं लागलीं. लंडनमध्यें १९०५ सालीं पेढी काढणाऱ्या हान्स विल्सडॉर्फनें १९०८ मध्यें ‘रोलेक्स’ हें नांव नोंदविलें, आणि १९१४ मध्यें त्याच्या एका मनगटी घड्याळास क्यू येथील वेधशाळेचें ‘अ’ वर्गाचें प्रशस्तिपत्र मिळालें. एवढ्याशा घड्याळाला बिनचूक वेळ दाखवितां येणार नाहीं, हा आक्षेपही अशा रीतीनें नाहींसा झाला.

त्याच वर्षीं पहिलें महायुद्ध सुरू झालें. या युद्धानें मनगटी घड्याळाला दागिन्यांच्या पेटींतून काढून हत्यारांच्या रांगेंत बसविलें. तोफखान्यानें ठराविक मिनिटाला मारा पुढें सरकवावयाचा आणि पायदळानें त्या माऱ्याच्या पाठोपाठ चालावयाचें, अशी लढण्याची रीत पडली. घड्याळ दोन मिनिटें पुढें असेल तर शिपाई आपल्याच तोफांच्या तोंडीं जात. दोन मिनिटें मागें असेल तर शत्रूला बंदुका सांवरण्यास अवसर मिळे. त्या काळीं आघाडीवर जाणाऱ्या अंमलदारांसाठीं निघालेल्या एका इंग्रजी मार्गदर्शक पुस्तकांत बरोबर न्यावयाच्या सामानाची यादी आहे. तींत अगदीं पहिलें नांव अंधारांत चमकणाऱ्या, न फुटणाऱ्या कांचेच्या मनगटी घड्याळाचें आहे.

खंदकांतल्या या घड्याळांचें रूप आतां ओळखीचें झालें आहे. गोल डबी, बहुधा चांदीची. मिन्याची पांढरी किंवा काळी तबकडी. आंकड्यांवर व कांट्यांवर रेडियमचा लेप. कित्येकदां कांचेवर धातूची जाळी. आणि दोन्ही अंगांना तारेचे पक्के कान. पट्टा दोन तऱ्हांचा असे. एक, अखंड चामड्याची पट्टी. ती एका कानांतून आंत शिरून घड्याळाच्या पाठीखालून जाई आणि दुसऱ्या कानांतून बाहेर पडे. दुसरी तऱ्हा दोन तुकड्यांची. प्रत्येक तुकड्याचें टोंक तारेभोंवतीं दुमडून तेथेंच शिवीत किंवा चिकटवीत. वाटीचे पट्टेही कांहीं काळ चालत राहिले. पट्ट्याची रुंदी आजच्या मानानें फारच कमी. कारण डबी लहान आणि कान जवळजवळ.

या घड्याळांचें वय काढण्याचें एक साधन जातां जातां सांगतों. १ जून १९०७ पासून इंग्लंडांत असा नियम अमलांत आला कीं, परदेशांतून येणाऱ्या सोन्याचांदीच्या डब्यांची तेथल्या सरकारमान्य कसोटीघरांत पारख होऊन त्यांवर छाप पडावा. त्या छापांत चांदीचा ·९२५ हा आंकडा, कसोटीघराची खूण आणि वर्षाचें अक्षर असतें. इंग्लंडमार्गें आलेल्या चांदीच्या घड्याळाच्या पाठीच्या झांकणाची आंतली बाजू जाणत्या घड्याळजीकडून उघडून पाहिली, तर त्या अक्षरावरून डबी कोणत्या सालची हें पुष्कळदां नक्की समजतें. पट्टा निवडतांना या ज्ञानाचा उपयोग पुढें दिसेलच.

त्या युद्धाशीं महाराष्ट्राचाही संबंध आहे. मेसोपोटेमियांत गेलेल्या सहाव्या पुणें डिव्हिजनमध्यें १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. कूत येथें ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ पर्यंत त्या वेढ्यांत सांपडल्या होत्या. हिंदी फौजेंत मनगटी घड्याळाचा प्रसार होण्यास हें युद्ध बरेंच कारण झालें. मुंबई-कलकत्त्यास व्यापार करणाऱ्या वेस्ट एण्ड वॉच कंपनीनें आपल्या एका घड्याळाला ‘सोवार’ असें नांव दिलें. हा आपला ‘स्वार’च होय; स्विस तबकडीवर इंग्रजी अक्षरांत जाऊन बसला, एवढेंच. जुन्या घरांतून निघणाऱ्या घड्याळांत हें नांव अजूनही वाचावयास मिळतें.

महायुद्धानंतर सुमारें पंधरा वर्षांत पट्ट्याचा जोड बदलला, आणि आजच्या साऱ्या घोटाळ्याचें मूळ या बदलांत आहे. तारेच्या पक्क्या कानांत एक मोठी अडचण होती : पट्टा तुटला कीं नवा शिवून घ्यावा लागे. ती टाळण्यासाठीं डबीलाच शिंगासारखे चार कान ठेवून, समोरासमोरच्या कानांत बारीक भोंकें पाडून, मध्यें स्प्रिंगची पिन बसविण्याची रीत निघाली. पिन म्हणजे एक पोकळ नळी. तिच्या आंत स्प्रिंग आणि दोन्ही टोंकांना आंत-बाहेर होणारे दांते. नखानें किंवा चिमट्यानें दांता दाबला कीं पिन सुटते. पट्टा कारखान्यांत आधींच शिवून, टोंकाला भोंक ठेवून, तयार विकतां येऊं लागला. १९३० नंतरच्या दशकांत ही रीत सर्वत्र झाली, आणि आज बाजारांत मिळणारे जवळजवळ सगळे पट्टे याच जातीचे असतात. अशा पट्ट्याचें टोंक बंद असतें. तें पक्क्या तारेंत ओंवतांच येत नाहीं. दुकानदाराला घड्याळाची तार कापण्याचा मोह होतो तो येथें.

याच सुमारास पट्ट्याच्या पदार्थांतही फेर पडूं लागला. १९२६ मध्यें रोलेक्सनें ‘ऑयस्टर’ नांवाची पाणी न शिरणारी डबी काढली. पुढच्याच वर्षीं मर्सिडीझ ग्लाइट्स नांवाच्या इंग्रज तरुणीनें इंग्लिश खाडी पुन्हां एकदां पोहण्याचा प्रयत्न केला तेव्हां हें घड्याळ तिच्याजवळ होतें. पण तें मनगटाला नव्हे, गळ्यांत फितीनें अडकविलेलें होतें. घड्याळ पाण्याला पुरून उरलें तरी चामडें उरत नाहीं, ही अडचण यापुढें प्रत्येकाला भेडसावूं लागली. पोलादी कड्यांचे, जाळीचे, ताणले जाणारे असे धातूचे पट्टे वाढले. हिंदुस्थानांतील हवेला तर चामडें मुळींच मानवत नसे. घामानें तें काळें पडे, पावसाळ्यांत त्यावर बुरशी चढे. येथें पोलो खेळणाऱ्या इंग्रज अंमलदारांच्या घड्याळांच्या कांचा फुटत, म्हणून तोंड उलटें फिरवितां येणारी ‘रिव्हर्सो’ नांवाची चौकोनी डबी १९३१ मध्यें निघाली. आपल्या देशांतील एका खेळाच्या मैदानानें स्विस घड्याळाला असें नवें रूप दिलें.

दुसऱ्या महायुद्धानें पक्क्या कानांना पुन्हां एकदां मान दिला. ब्रिटिश सरकारनें आपल्या फौजेसाठीं बारा स्विस कारखान्यांकडून एकाच नमुन्याचीं मनगटी घड्याळें करविलीं. तीं १९४५ च्या सुमारास हातीं आलीं. ओमेगा, लाँजीन, सीमा, व्हर्टेक्स हीं त्यांतलीं कांहीं नांवें. यांतील पुष्कळ घड्याळांच्या कानांत स्प्रिंगची पिन नसून पक्की दांडी होती. कारण उघड आहे. स्प्रिंगची पिन केव्हां दगा देईल याचा नेम नाहीं, आणि ती सुटली कीं घड्याळ गेलें. पक्क्या दांड्यांतून कापडाची अखंड पट्टी पाठीखालून नेली, तर घड्याळ निसटण्याचें भय बरेंच कमी होतें. हाच विचार पुढें नेऊन १९७३ सालीं ब्रिटिश संरक्षण खात्यानें नायलॉनच्या करड्या पट्ट्याचें प्रमाण ठरवून दिलें. बाजारांत ‘नाटो’ या नांवानें जो पट्टा आज रंगीबेरंगी रूपांत मिळतो त्याचा मूळपुरुष तोच. १९१५ मधील चामड्याची अखंड पट्टी आणि १९७३ मधील नायलॉनची पट्टी यांच्यांत पदार्थाचा भेद आहे, तत्त्वाचा नाहीं.

स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे घड्याळ घरोघर पोहोंचलें तें हिंदुस्थान मशीन टूल्सच्या द्वारें. जपानच्या सिटिझन कंपनीच्या साह्यानें १९६१ मध्यें बंगळूर येथें हा कारखाना सुरू झाला. त्याचें ‘जनता’ हें घड्याळ एका पिढीच्या मनगटावर होतें. २०१६ सालीं एच. एम. टी. चा घड्याळांचा व्यवहार संपुष्टांत आला, आणि तींही घड्याळें आतां जुन्यांत जमा झालीं. सुदैवानें त्यांस स्प्रिंगची पिन असल्यामुळें पट्टा मिळण्यास अडचण पडत नाहीं. तेथें प्रश्न फक्त विवेकाचा आहे.

येथपर्यंत इतिहास झाला. आतां त्याच्या आधारें निवडीचा विचार करूं.

पहिली गोष्ट, पट्टा निवडतांना आधीं घड्याळाचे कान पाहावे. रंग, चामडें, शोभा हें सारें मागाहून. कानांत तार किंवा दांडी पक्की आहे कीं पिन सुटणारी आहे, हें भिंगानें पाहून ठरवावें. पक्की असेल तर अखंड पट्टी घ्यावी, किंवा उघड्या टोंकाचा दोन तुकड्यांचा पट्टा तेथल्या तेथें दुमडून शिवून घ्यावा. असे पट्टे तयार न मिळाले तरी हताश होण्याचें कारण नाहीं. पातळ चामड्याची मापानें कापलेली पट्टी आणि एक बक्कल, एवढेंच काम आहे; रांपी व आरी चालविणाऱ्या चांगल्या कारागिराला तें सहज करतां येतें. तार कापून तेथें पिन बसविण्याचा सल्ला मात्र कोणीही दिला तरी मानूं नये. डाख देण्यासाठीं डबी तापवावी लागते, आणि त्या उष्णतेनें मिन्याची तबकडी तडकण्याचें भय असतें. शिवाय ती तार हाच त्या घड्याळाच्या जन्मकाळाचा दाखला. ती कापली म्हणजे दस्तऐवजावरची तारीख खोडण्यासारखें झालें.

दुसरी गोष्ट मापाची. जुन्या पट्ट्याचें माप घेऊं नये. दोन कानांमधलें अंतर मोजावें. आज १८ व २० मिलिमीटर हीं मापें सर्रास मिळतात. जुन्या घड्याळांत १६, १७, १९ अशीं मापेंही येतात. रुंद पट्टा दाबून बसविला तर त्याची कड चुरगळते आणि पिनेवर ताण पडतो. अरुंद बसविला तर तो हालत राहून पिनेला व कानांना झिजवितो. जाडीचाही असाच विचार करावा. पूर्वीचीं घड्याळें लहान व पातळ. त्यांना हल्लींच्या फॅशनचा जाड, फुगीर, ठळक टांक्यांचा पट्टा लावला, तर लहान मुलाच्या डोक्यावर बापाची पगडी ठेवावी तसें दिसतें. डबीजवळ पट्टा जितका पातळ तितकें तें घड्याळ आपल्या मूळ डौलांत दिसतें.

तिसरी गोष्ट पदार्थाची. चांदी हा मऊ धातु आहे. चांदीच्या किंवा सोन्याचा मुलामा दिलेल्या डबीला पोलादी कड्यांचा पट्टा लावला, तर कठीण धातु मऊ धातूला दररोज थोडथोडा खातो. अशा घड्याळांना चामडें किंवा कापड हेंच योग्य. चामड्यांतही झाडांच्या साली व फळें यांनीं कमावलेलें चामडें आम्हांस अधिक पसंत आहे. कोल्हापुरी वहाणांचें चामडें बाभळीची साल आणि हिरडा यांनीं कमावण्याची परंपरा आहे. त्याच जातीचें चामडें रांपीनें तासून पातळ केलें तर घड्याळाला शोभणारा पट्टा होतो, आणि वापरानें त्याला जो रंग चढतो तो कोणत्याही रंगाऱ्याला देतां येणार नाहीं. मगरीच्या कातड्याचा हट्ट धरूं नये. आपल्याकडे १९७२ च्या वन्य जीव संरक्षण कायद्यानें मगरीला संरक्षण दिलें आहे, आणि परदेशी कातड्याच्या व्यापारावरही १९७५ पासून आंतरराष्ट्रीय करारानें निर्बंध आहेत. मृग लागला म्हणजे चामड्याचा पट्टा उतरवून ठेवावा आणि तो दसऱ्यालाच पुन्हां बाहेर काढावा. घामानें भिजलेलें चामडें डबीच्या पाठीला चिकटून राहिलें कीं कळंक चढावयास वेळ लागत नाहीं. अखंड पट्टी पाठ झांकते म्हणून तेथें ही खबरदारी दुप्पट घ्यावी.

चौथी गोष्ट पट्ट्याच्या पलीकडची, पण पट्टा बदलण्याच्या निमित्तानेंच घडणारी आहे. घड्याळ दुकानांत गेलेंच आहे, तर तबकडीही नवी करून घ्यावी असा मोह होतो. १९१५-२० च्या काळांतील रेडियमचा लेप आतां चमकत नाहीं, म्हणून तो निरुपद्रवी झाला असें समजूं नये. चमक देणारें द्रव्य थकलें. रेडियम थकलेलें नाहीं. त्याची शक्ति निम्मी होण्यास सुमारें १६०० वर्षें लागतात. अमेरिकेंत न्यू जर्सी येथील कारखान्यांत हा लेप लावणाऱ्या मुली कुंचल्याचें टोंक ओठांनीं सारखें करीत. त्यांतल्या कित्येक हाडें कुजून मेल्या, आणि वांचलेल्यांचा दावा १९२८ मध्यें तडजोडीनें मिटला. असा लेप कोणाकडूनही खरवडून घेऊं नये. कांच शाबूत ठेवावी, घड्याळ मुलांच्या हातीं उघडें देऊं नये, आणि पट्टा बदलून स्वस्थ बसावें.

आतां एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. कांहीं काटेकोर संग्राहक म्हणतात कीं, पट्टा जर मूळचा नसेल तर घड्याळ खरें नव्हे. म्हणून जुन्या काळचाच पट्टा शोधून काढावा, नाहीं तर घड्याळ बिनपट्ट्याचेंच पेटींत ठेवावें. या म्हणण्यांत निष्ठा आहे, पण इतिहास नाहीं. चामड्याचा पट्टा हा कधींच घड्याळाच्या जन्माचा सोबती नव्हता. खंदकांत वावरलेल्या अंमलदाराचा पट्टा चिखलानें व पाण्यानें किती दिवस टिकला असेल, याची कल्पना करावी. १९१६ मधील घड्याळ १९१८ मध्यें परत आलें तें बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या पट्ट्यावर. ज्याला आपण ‘मूळचा’ म्हणून कवटाळूं तो पुष्कळदां वीस वर्षांनीं कोणीतरी बसविलेला असतो. आणि खरोखर शंभर वर्षांचें चामडें हातीं आलें, तरी तें मनगटावर घालून पिशवी उचलतां घड्याळ फरशीवर पडेल. असा पट्टा कागदांत गुंडाळून, त्यावर माहिती लिहून, जपून ठेवावा. घड्याळ त्याच्यावर टांगूं नये.

दुसऱ्या टोंकाचे लोक म्हणतात, पट्टा तो पट्टा. जो बसेल तो बसवावा, न बसेल तर बसता करावा. या मतानें होणारें नुकसान वर सांगितलेंच आहे. आमचा मार्ग या दोहोंच्या मधला आहे, आणि त्याची कसोटी सोपी आहे : जें केलें तें उद्यां पुसतां येईल काय? १९१५ च्या घड्याळाला नायलॉनची पट्टी ओंवली तर तो कालविपर्यास खरा. नायलॉन जगापुढें आलें तेंच १९३८ सालीं. पण ती पट्टी एका मिनिटांत ओढून काढतां येते, घड्याळावर ओरखडाही उठत नाहीं. उलट, शोभेसाठीं त्याच काळच्या धर्तीचा उत्तम पट्टा आणला आणि तो बसावा म्हणून कान कापले, तर ती हानि कधींही भरून येत नाहीं. पुसतां येणारी विसंगति पत्करावी. न पुसतां येणारी सुसंगति पत्करूं नये. दोन्ही साधलें, म्हणजे काळाला शोभणारी घडण, नवें मजबूत चामडें आणि घड्याळाला धक्का नाहीं, तर मग त्याहून चांगलें काय?

कोंकणांतील कौलारू घराची दरवर्षीं पावसाळ्याआधीं शाकारणी होते. फुटकीं कौलें जातात, नवीं येतात. वीस-तीस वर्षांत छपरावरचें एकही कौल पहिलें राहत नाहीं. तरी घर तेंच असतें, आणि तें उभें असतें तें या शाकारणीमुळेंच. मात्र नवीं कौलें मावत नाहींत म्हणून कोणी आढें कापीत नाहीं. घड्याळाच्या पट्ट्याचा न्याय याहून निराळा नाहीं. पट्टा झिजावा, तुटावा आणि नवा यावा. तो त्याचा धर्म आहे. आजोबांच्या मनगटावर त्यानें घड्याळ धरून ठेवलें, नातवाच्या मनगटावर त्याच्या वारसानें धरावें. तो घड्याळासाठीं आहे, घड्याळ त्याच्यासाठीं नाहीं, एवढें ज्याला कळलें त्याच्या हातीं दिलेलें जुनें घड्याळ सुरक्षित आहे, असें समजावें.